सुभेदार रामजी सकपाळ : पिता, शिपाई आणि सनद नसलेला वकील

(आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात आटपाडी येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून परमपूज्य बाबासाहेबांविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मात्र मंडळाच्या अनुमतीने मी त्यांच्या तीर्थरूपांविषयी बोलणार आहे. 'भीमराव रामजी आंबेडकर' हे संपूर्ण नाव आपल्या घरातील लहान मूलही बिनचूक सांगते. परंतु त्या नावाच्या मधला जो शब्द आहे, तो माणूस कोण होता असे विचारले तर मूलच काय, त्याचा बापही 'सुभेदार होते' एवढे बोलून थांबतो. शिक्षकाचा पेशा केल्यामुळे मला हे अधिक जाणवते. शाळेत एखादा मुलगा चमकला की सारे गाव त्या मुलाकडे पाहते. शिक्षकाची नजर मात्र त्याला रोज वेळेवर शाळेत पाठविणाऱ्या माणसाकडे जाते.

रामजींचे मूळ गाव कोकणातील, मंडणगडजवळचे आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही पलटणीतलेच. म्हणजे घरात शिपाईगिरी दोन पिढ्यांची. त्या काळी आपल्या समाजातील माणसास गावात जी कामे नेमून दिलेली होती त्यांची यादी मी येथे वाचून दाखवीत नाही; आपल्यापैकी वृद्धांना ती तोंडपाठ आहे. त्या यादीतून बाहेर पडण्याची जी एक वाट होती ती पलटणीची. मुंबई इलाख्याच्या फौजेत आपली माणसे कंपनी सरकारच्या वेळेपासून मोठ्या संख्येने होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावरील नावे वाचली म्हणजे हे सहज ध्यानात येते.

पलटणीने पगार दिला, पेन्शन दिले, अंगावर स्वच्छ गणवेश दिला; परंतु माझ्या मते या सर्वांहून मोठी जी गोष्ट दिली ती शाळा होय. शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना लिहावाचावयास शिकविण्याची सक्ती त्या फौजेत होती, आणि ही सक्ती मुलींनाही लागू होती. देशात सक्तीचे शिक्षण हा शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी आपल्या पेन्शनरांच्या घरांतील बायका पोथी वाचीत होत्या, याचे कारण हे. रामजींनी पुण्यास लष्करी अध्यापकाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे १४ वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. आपण त्यांना सुभेदार म्हणतो ते बरोबरच. परंतु त्यांची खरी नोकरी हेडमास्तराची. तेव्हा आम्हा शिक्षकांच्या जातीचाच हा माणूस, असे मी म्हटले तर या सभेत कोणी हरकत घेऊ नये.

त्यांचा विवाह ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. हे घराणे सुखवस्तू होते व तेथील पुरुष फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते. रामजी त्या मानाने गरीब. माहेरच्या मंडळींनी या गरिबीवरून नाके मुरडली तेव्हा, 'अंगावर दागिने घालून येण्याइतकी ऐपत येईल तेव्हाच माहेरची पायरी चढेन,' असा निश्चय या मानी बाईने केला, असे चरित्रकार सांगतात. या दांपत्यास १४ अपत्ये झाली. त्यांतील बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटा भीमराव ही वाचली. भीमरावाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला.

या जन्माच्या संबंधी एक कथा सांगितली जाते. रामजींचे एक चुलते संन्यासी झाले होते. ते महूस भेटले आणि तुझ्या कुळात एक पुरुष जन्मास येईल असा त्यांनी आशीर्वाद दिला, अशी ती कथा. ज्यांना ती प्रिय आहे त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. परंतु मुलांना सांगावयाची असेल तर मी त्याऐवजी परळच्या चाळीतील रात्री दोन वाजताची कथा सांगेन. तीकडे मी पुढे येणारच आहे.

भीमराव दोन-अडीच वर्षांचा असेल नसेल तोच रामजी सेवानिवृत्त झाले. पेन्शन सुमारे ५० रुपये. पेन्शनर मंडळींची वस्ती दापोलीस होती. तेथे काही काळ राहून मग सातारा येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी त्यांनी धरली. अशा रीतीने हे कुटुंब आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात आले. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती, पुढे संस्थान विलीन झाले, जिल्ह्याची फाळणी झाली आणि आपण सांगलीकर झालो. परंतु माणदेश व खटाव यांची शीव, तेथील कुसळे आणि तेथील दुष्काळ काही कोणत्या सरकारी हुकुमाने बदलले नाहीत.

साताऱ्यास थोड्याच काळात, १८९६ च्या सुमारास, भीमाबाई वारल्या. त्यांची समाधी तेथे आहे. मुलांचे संगोपन रामजींची बहीण मीराबाई हिने केले. ही बाई पाठीने अधू होती, तथापि आईविना झालेली सर्व पोरे तिने सांभाळली. पुढे रामजींनी जिजाबाई नावाच्या एका विधवेशी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून बाळ भीमरावाच्या मनाला फार लागले. बापाच्या अन्नावर राहावयाचे नाही, मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम करावयाचे, असे त्याने ठरविले, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी लांबविण्याचा घाट घातला. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहतो तो आत फक्त अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुलगा शरमला व अभ्यासास लागला.

मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. आपल्या समाजात थोर पुरुषाच्या घराचे वर्णन करताना बाप देवासारखा व मुलगा बापाच्या आज्ञेत, असे गोड चित्र काढण्याची खोड आहे. तसे ते घर नव्हते. त्या घरात रुसवे होते, सावत्रपणा होता, पैशाची ओढाताण होती. आणि असे असूनही त्यातून जे निघाले ते आपण पाहातो आहोत.

७ नोव्हेंबर १९०० हा दिवस आता सरकारदरबारीही मान्यता पावला आहे. त्या दिवशी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे हल्लीच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळते. मूळ गावावरून पडलेले 'आंबडवेकर' जाऊन 'आंबेडकर' कसे झाले, याविषयी त्या आडनावाच्या एका प्रेमळ ब्राह्मण शिक्षकांची हकीकत सर्वश्रुत आहे. हे गुरुजी आपल्या डब्यातील भाजीभाकरी मुलास देत असत, असेही सांगतात. परंतु रजिस्टरात नाव कोणी घातले? रामजींनी. वर्गात मुलाला बसावयास स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे व ते रोज परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे; शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. गावचा न्हावी केस कापीत नसे, म्हणून थोरली बहीण घरीच केस कापी. हे सर्व रामजींना ठाऊक होते. स्वतः चौदा वर्षे हेडमास्तर असलेल्या माणसाने आपला मुलगा गोणपाटावर बसणार हे जाणून त्याला शाळेत घातले. माझ्या नोकरीच्या काळात 'मास्तर, पोराला वर्गात कोणी तरी टोचून बोलले, आता पाठवीत नाही,' असे म्हणणारे पालक मी पुष्कळ पाहिले आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. तरीही मला त्या वेळी नेहमी हे गोणपाट आठवत असे.

आता खटावची हकीकत. ती आपल्या अगदी शेजारच्या मुलखात घडलेली आहे म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडून गेला होता आणि खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे (काही ठिकाणी हे नाव कोरेगाव असे छापलेले आढळते) दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम सरकारने काढले होते. रामजी तेथे रोखपाल होते. मजुरांच्या हातावर पैसे ठेवणारा हा माणूस, स्वतःची पोरे साताऱ्यास आत्यापाशी. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. पोरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. नवे कोट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे जोडे असा थाट करून भीमराव, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले अशी चौघे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र आधी पाठविले होते, परंतु ते नोकराच्या विसराळूपणामुळे रामजींच्या हाती पडलेच नाही. न्यावयास कोणी आले नाही.

स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. नीटनेटके कपडे पाहून ही ब्राह्मणाची मुले असावीत असे त्यांना वाटले होते. भीमरावाने सरळपणे जात सांगितली आणि मास्तर मागे सरले. गाडीवान दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, अशा बोलीवर बैलगाडी मिळाली. संध्याकाळी निघालेली गाडी तीन तासांत पोहोचेल म्हणाले, ती मध्यरात्रीपर्यंत वाट तुडवीत राहिली. बरोबर शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेत जे मिळाले ते गढूळ व दुर्गंधीचे. रात्री टोलनाक्यावर आपली जात लपवून, उर्दूत बोलून नाकेदाराकडे पाणी मागितले, तेही मिळाले नाही. पोरे उपाशीपोटी निजली आणि दुसऱ्या दिवशी दुपार व्हावयाच्या आधी मुक्कामी पोहोचली. त्यांना दारात पाहून रामजी चकित झाले. पत्र आलेच नव्हते, असे ते म्हणाले.

हा सर्व वृत्तांत बाबासाहेबांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवला व तो १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आपण नऊ वर्षांचे असताना हे घडले आणि अस्पृश्यता काय असते ते त्या दिवशी कळले, असे ते लिहितात. ज्या तालुक्यात बाप दुष्काळी माणसांसाठी तलाव खोदण्याच्या कामावर होता, त्या तालुक्याच्या वाटेवर त्याच्याच पोरांना ओंजळभर पाणी मिळाले नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्याच मुलाने महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

वकिलीचा विषय निघाला आहे तर रामजींच्या वकिलीविषयी सांगतो. आपणांस आश्चर्य वाटेल. रामजींनी काही वकिलीची परीक्षा दिलेली नव्हती. परंतु १८९२ च्या सुमारास सरकारने फौजेची नवी रचना केली. अमुक जाती लढाऊ आणि अमुक बिगरलढाऊ अशी एक विलक्षण कल्पना त्या वेळच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी डोक्यात घेतली होती. कोरेगावचा स्तंभ ज्यांच्या नावांनी भरला त्यांचीच भरती या कल्पनेने बंद झाली! ही एका पगाराची गोष्ट नव्हती. पलटण गेली की पलटणीची शाळा गेली, पेन्शन गेले, आणि पुढच्या पिढीला पुन्हा गावकीच्या कामाकडे परतणे भाग पडले. रामजींनी हे ओळखले. पुढे न्यायमूर्ती म्हणून विख्यात झालेले महादेव गोविंद रानडे यांच्याकडे ते गेले आणि या बंदीविरुद्ध सरकारकडे करावयाचा अर्ज त्यांच्याकडून तयार करवून घेतला. दापोलीचे दुसरे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये असाच अर्ज केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायत सरकारकडे दाद मागितली.

अर्ज तत्काळ कोणाचाच मंजूर झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच, १९२१ पर्यंत, मोडण्यात आली. अखेर दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. रामजींच्या अर्जापासून तेथवर जवळजवळ पन्नास वर्षे! ही रेजिमेंट आजही भारतीय सेनेत आहे, तिचे केंद्र मध्यप्रदेशात सागर येथे आहे, तिच्यातून देशाला दोन सरसेनापती मिळाले आणि तिच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एका पेन्शनर हेडमास्तराने एका विद्वानाच्या दारी जाऊन लिहून घेतलेला तो कागद या साऱ्याच्या मुळाशी होता. सनद नव्हती, काळा कोट नव्हता. पण आपल्या लोकांची बाजू कोणापुढे व कशी मांडावी हे ज्याला समजते त्याला मी वकीलच म्हणतो.

१९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईस आले व परळला डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच स्वयंपाकघर, तीच न्हाणी, तीच निजावयाची जागा आणि तीच अभ्यासिका. उशाशी जाते आणि पायाशी शेळी, असे चरित्रकारांनी वर्णन केले आहे. इतक्या माणसांच्या गलबल्यात अभ्यास होणार कसा? तेव्हा रामजींनी तोड काढली. मुलाने लवकर निजावे. स्वतः रामजींनी रात्री दोनपर्यंत जागत बसावे, दोनला मुलास उठवावे आणि मग त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण अंग टाकावे. बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्यावर मुलगा पहाटेपर्यंत वाचीत असे. सांगावयाची ती कथा हीच. पलटणीत पहारा बदलतो तसा हा पहारा होता.

शिकविण्याची पद्धतही हेडमास्तरास शोभेशी. इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनमाला व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत योग्य तोच शब्द यावा याविषयी कटाक्ष. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे कौतुक पुढे विलायतेतील विद्वानांनी केले. त्याचा पाया तर्खडकरांच्या पुस्तकावर, बापाच्या देखरेखीखाली घातला गेला होता. पुस्तकाला पैसे नसले म्हणजे रामजी मुंबईत दिलेल्या आपल्या लेकींकडे जात. आधी धाकटीकडे, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. रोख पैसा नसेल तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे आणि पेन्शन आले की सोडवून लेकीला परत जाई. महिनोन्महिने हे चक्र चालू होते.

येथे आणखी एका माणसाचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. दोन्ही मुलांना शिकविण्याची ऐपत नव्हती म्हणून थोरल्या आनंदरावाचे शिक्षण थांबले आणि तो जी. आय. पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागला. मंजुळा-तुळसांचे दागिने आणि आनंदरावाची शाळा ही दोन्ही त्या धाकट्याच्या विद्येत खर्ची पडली आहेत. आपल्या प्रत्येक घरात एखादा आनंदराव असतोच. साहेब झालेल्या भावाचा फोटो भिंतीवर लागतो. कारखान्यात किंवा ऊसतोडीला गेलेल्या भावाचा लागत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. आपल्या समाजात त्या वेळी ही गोष्ट इतकी दुर्मिळ की सत्यशोधक पुढारी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत दादा केळुस्कर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावास भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुस्करांचाच हात होता.

आता जरा नाजूक विषयाकडे वळतो. रामजी कबीरपंथी होते. मांस-मद्याला त्यांचा स्पर्श नव्हता. तिन्हीसांजेला घरात भजन व दोहे म्हटले जात आणि त्यातून कोणाही मुलाला सूट नसे. त्याचबरोबर रामायण-महाभारतही ते मुलांकडून वाचवून घेत. आपल्या समाजातील काही तरुण मला विचारतात की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बौद्ध धम्म स्वीकारला, तर आता या रामकृष्णकबीर म्हणणाऱ्या वडिलांचे काय करावयाचे? त्यांचे स्मरण करावयाचे तर भजनासकट करावयाचे की भजन वगळून? गेल्या वर्षी मेळाव्याच्या आदल्या रात्री एका वृद्धाने एकतारीवर कबीर म्हटला तेव्हा यावरून कुजबूज झाली होती, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. बाबासाहेबांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे लिहिले आहे तेच सांगतो. आपले वडील लष्करातील असून फार धर्मशील होते आणि त्यांनी आपल्याला कडक शिस्तीत वाढविले, असे ते म्हणतात. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत शूद्र व अस्पृश्यांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचावे? रामजी रागावले नाहीत. आपण अस्पृश्य, तेव्हा मनात न्यूनगंड येण्याचा संभव. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती उंचीला गेले ते वाचून तो न्यूनगंड जावा, असे त्यांनी समजाविले. मुलाला यात काही तथ्य वाटले, परंतु समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्याविषयीचे आपले आक्षेप त्याने बोलून दाखविले. रामजींजवळ उत्तर नव्हते आणि ते गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याला मी फार मोठी किंमत देतो. त्या काळचा बाप, त्यातून फौजेतला, त्यातून मास्तर! हात उगारला असता तर कोणी आश्चर्य केले नसते. पुढे बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले ते बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. यांतील कबीर घरातूनच, रामजींच्या तिन्हीसांजेतून आलेला आहे. त्यामुळे एकतारीवर कबीर म्हणणाऱ्या वृद्धाला यंदा कोणी अडवू नये, असे माझे मत मी स्पष्टपणे नोंदवून ठेवतो. ज्यांना मान्य नसेल त्यांनी बुद्धवंदनेला बसावे आणि नंतर माझ्याशी अवश्य वाद घालावा.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. रामजींना हे पसंत नव्हते. तेथे मुलाची अवहेलना होईल हे त्यांनी जाणले असावे. शिपायाला पुढचा मुलूख दिसतो. पंधरा-वीस दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुलगा निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो मुंबईस पोहोचला तेव्हा रामजींचे डोळे त्याच्याच वाटेकडे लागलेले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, जुलै १९१३ मध्ये, भीमराव अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेला. एम. ए., पीएच. डी., लंडनची डी. एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी यांपैकी काहीच रामजींनी पाहिले नाही. १९२३ पासून बाबासाहेबांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. १९२६ साली पुण्यास 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे, जवळकर व बागडे यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडून त्यांना सोडविले, हेही आपण जाणता. १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा जो मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो त्यांनी आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग व दाखविलेली दूरदृष्टी यांबद्दल कृतज्ञता म्हणून, अशा आशयाचे शब्द तेथे आहेत.

आता आपल्या आटपाडीकडे येतो. आपल्याच गावी १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात हेही वकील झाले, बाबासाहेबांच्या चळवळीत राहिले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २००१ साली ते वारले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन आपल्या वाचनालयात आहे. पाने सुटली आहेत, बांधून घेतले पाहिजे. विहिरीतील बेवारशी प्रेताची राखण करावयाची आणि हुकूम झाला की स्वतः विहिरीत उतरून ते वर काढावयाचे, हे गावकीचे काम करणारे आपले वडील आणि काठावर उभा असलेला भाकरी घेऊन आलेला भेदरलेला मुलगा, हा प्रसंग त्यांनी लिहिला आहे. रामजींच्या घरी पलटणीचे पेन्शन होते. खरातांच्या वडिलांपाशी तेही नव्हते. दोघांनीही मुलगा शाळेत धाडला.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या घराघरांत जुन्या ट्रंकांमध्ये पलटणीचे डिस्चार्जचे कागद, पेन्शनची पुस्तके, बिल्ले, गणवेशातील आजोबांचे फोटो पडून आहेत. वाळवी त्यांना वाट पाहावयास सांगत नाही. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी पुढील मासिक बैठकीस घेऊन यावे. झेरॉक्स व फोटो काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील; लिहून घेण्याचे काम मी करीन. ज्यांच्या आजोबांनी फौजेत नोकरी केली नाही, गावकीच केली, त्यांनीही त्यांचे नाव व वतनाची काही पावती असल्यास ती घेऊन यावी. बैठक सकाळी दहा वाजता, नेहमीच्याच ठिकाणी.